ओट्यावर बसावे कसे : समाजकार्याच्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

पात्रता

गल्लीतलं भांडण सोडवायला लहानपणापासून तुम्हाला बोलावलं जात असेल, किंवा निदान ते शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तुमचा पाय निघत नसेल, तर तुम्ही या क्षेत्राला लायक आहात. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून ओळखता येत असेल तर उत्तमच. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे दोन विषय घेऊन, पुढे समाजकार्याची पदवी मिळवून, गावोगाव लोकांमध्ये काम करण्याची नोकरी धरायची असं ज्यांनी ठरवलंय, किंवा तलाठ्याच्या परीक्षेने ज्यांच्यावर तशी वेळ आणलीय, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. उदाहरणं जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यातली आहेत. मी तिथेच शिकले, तिथेच चुकले. गिरणेपलीकडच्या वाचकांनी नदीचं नाव बदलून घ्यावं, बाकी मजकूर चालेल.

पायरी १ : घरी सांगणे

ही सर्वांत अवघड पायरी आहे, म्हणून आधी उरकावी.

"मी मानसशास्त्र घेतलं" असं म्हटलं की घरात तीन प्रश्न ठरलेले असतात. वडील विचारतात, "याच्यावर भरती निघते का?" मामा विचारतो, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" आणि पाहुणी म्हणून आलेली मावशी आपला हात पुढे करते. मानसशास्त्रात हात बघत नाहीत हे मावशीला सांगण्याचा प्रयत्न करू नये. तिचा हात हातात घ्यावा आणि "सगळ्यांचं करता, तुमचं कोणी करत नाही" एवढं म्हणावं. मावशीच्या डोळ्यांत पाणी येईल आणि तुमच्या शिक्षणाला घरातून पहिला पाठिंबा मिळेल. हे भविष्यकथन खानदेशातल्या कुठल्याही मावशीला लागू पडतं; यातच समाजशास्त्राचा पहिला धडा आला.

"समाजकार्य" हा शब्द उच्चारताना अधिक जपावं. आमच्याकडे समाजसेवक हा प्राणी प्रामुख्याने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आढळतो. गॉगल, गळ्यात चेन, खाली "युवा नेतृत्व, समाजसेवक", आणि त्याखाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. त्यामुळे "समाजकार्य शिकतेय" म्हणताच लोक विचारतात, "कोणत्या पक्षाकडून?" फ्लेक्सवरच्या समाजसेवकाला क्षेत्रकार्याचा अहवाल लिहावा लागत नाही आणि तुम्हाला लागतो, एवढा फरक नीट समजावून सांगावा. तरी कोणाला पटणार नाही. पुढच्या पायरीकडे वळावं.

पायरी २ : साहित्य

दोन वह्या. एक कॉलेजात दाखवायची, एक खरी. पहिलीत "लाभार्थ्याशी सुसंवाद प्रस्थापित केला" असं लिहायचं असतं. दुसरीत "कुत्रा मागे लागला, म्हणून शेजारच्या घरात शिरले, तिथेच ओळख झाली" असं. दुसरी वही जिवापाड जपावी, पण हरवली म्हणून हाय खाऊ नये. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावाच्या अभ्यासाची वर्षानुवर्षं जमवलेली टिपणं १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं. ते १९७६ साली आलं आणि अजून अभ्यासाला असतं. तुमचा बारा पानांचा अहवाल पेनड्राइव्हमधून उडाला तर हा प्रसंग सरांना सांगून पाहायला हरकत नाही. माझ्या वेळी उपयोग झाला नव्हता.

सहज काढता येणाऱ्या चपला. बुटाच्या नाड्या सोडेपर्यंत घरातली बाई पदर सावरून, चेहरा सावरून बसते आणि मग तुम्हाला मुलाखत मिळते, गप्पा मिळत नाहीत.

नऊ कप चहा सोसणारं पोट. पाचव्या घरी "आत्ताच झाला" म्हणावंसं वाटतं. म्हणू नये.

पाण्याची बाटली. ही बॅगेतच राहू द्यावी. तुम्ही कोणाच्या घरचं पाणी प्यायलात आणि कोणाच्या ओट्यावर तहान लागलेली असूनही बाटली काढलीत, याची नोंद गल्लीत तुमच्या वहीपेक्षा पक्की होते. समोर आलेला तांब्या नाकारलात की त्या वस्तीपुरता तुमचा अभ्यासक्रम तिथेच संपला. समतेवरचं तुमचं भाषण कितीही पाठ असो.

आणि अहिराणी. बोलता आली तर सोनं, नुसती कळली तरी चालेल. पण ती न कळता "तुमच्या भावना व्यक्त करा" असं पुस्तकी मराठीत म्हणाल, तर समोरची बाई आधार कार्ड आणायला आत जाईल.

पायरी ३ : मानसशास्त्र शिकणे (आणि ते लवकर आटोक्यात आणणे)

पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एक आजार होतो. ज्या प्रकरणात जे वाचलं ते नातेवाइकांत दिसू लागतं. काका दोनदा कुलूप ओढून बघतात, ही सक्तीची विकृती. वहिनी दोन दिवस बोलली नाही, हे नैराश्य. बाप चिडला, त्याचं बालपण. हा आजार साधारण दिवाळीपर्यंत टिकतो. तोवर निदानं मनातल्या मनात करावीत, कारण याच काळात घरच्यांनी फी भरायची असते.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बी.ए.ला मानसशास्त्र घेतल्याने कोणी उपचार करायला पात्र ठरत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी लागते. १९९२ साली त्यासाठी कायदाच झालाय. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ, तो आणखी वेगळा, आधी एम.बी.बी.एस. झालेला. आणि समाजकार्याची पदवी घेतलेली तुम्ही, या दोघांच्याही आधी दारात पोचणारी बाई. तुमचं काम ऐकणं, ओळखणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं. यात कमीपणा नाही. आजारी माणूस दवाखान्यात जाईपर्यंतचा रस्ता आमच्याकडे बराच लांब असतो. त्यात भगत लागतो, बाबा लागतो, "लग्न करून टाका, सुधरेल" म्हणणारे लागतात. त्या रस्त्यावर उभं राहणारं कोणी तरी हवंच.

पुस्तकातल्या सिद्धांतांवर श्रद्धा ठेवावी, पण त्यांना एकदा गावात फिरवून आणावं. अब्राहम मॅस्लोने १९४३ साली माणसाच्या गरजा उतरंडीसारख्या मांडल्या. खाली मोठं मडकं अन्नपाण्याचं, त्यावर सुरक्षिततेचं, त्यावर आपलेपणाचं, मग मानाचं, आणि सर्वांत वर स्वतःला घडवण्याचं. खालचं भरलं की वरच्याकडे लक्ष जातं. परीक्षेत हे असंच लिहावं, पाच गुण आहेत. गावात मात्र असा माणूस भेटेल ज्याच्या घराचा पत्रा दोन पावसाळे गळतोय आणि त्याने मुलीच्या लग्नात जेवणावळीसाठी आणि मानपानासाठी कर्ज काढलंय. त्याने मधली दोन मडकी ओलांडून थेट मानाच्या मडक्यात हात घातला. त्याला अडाणी म्हणून मोकळं होऊ नये. भावकीत मान गेला तर पुढच्या अडीअडचणीला कोणी दारात उभं राहणार नाही, हे त्याला मॅस्लोपेक्षा जास्त कळतं. त्याच्या लेखी मान हीच सुरक्षितता आहे. हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तुम्ही मानसशास्त्राच्या पुस्तकातून समाजशास्त्राच्या पुस्तकात पाऊल टाकलंत असं समजावं.

पायरी ४ : समाजशास्त्र शिकणे

या विषयात पाठांतर कमी आणि धक्के जास्त असतात.

पहिला धक्का एमिल दुर्खिम देतो. माणूस अगदी एकट्याने, दार लावून करतो अशा आत्महत्येवर त्याने १८९७ साली पुस्तक लिहिलं आणि त्यात आकडे मांडून दाखवलं की माणसं एकमेकांना किती घट्ट किंवा किती सैल बांधलेली आहेत, यावर ते प्रमाण बदलतं. कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे प्रकरण वाचताना पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर बसावंसं वाटतं. बसावं. या एका ठिकाणी मार्गदर्शिका विनोद करणार नाही.

दुसरा धक्का श्रीनिवासांचा. गावात संख्येने, जमिनीने आणि वटीने मोठी अशी एक प्रभावी जात असते, बाकी सारं तिच्या कलाने चालतं, हे ते सांगतात. वर्गात सगळे माना डोलवतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याची जात असते. घरी गेल्यावर, जेवताना, एकदम लक्षात येतं की आपल्या गावापुरती ती आपलीच. किंवा आपली अजिबातच नाही, म्हणूनच बापाने घर गावाच्या त्या टोकाला बांधलं. हा दुसरा धक्का पचायला पदवीची तीन वर्षं पुरत नाहीत.

तिसरा धक्का घरातलाच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, ती तुम्ही जन्मापासून ऐकलीत. आता वही घेऊन ऐका. सासूवर, नणंदेवर, लांब देणाऱ्या बापावर काय काय म्हणून घेतात त्या! वर्षभर तोंडातून न निघालेलं सगळं दोन दिवसांत, तेही सुरात. भावनिक ताणाचा निचरा, गटाचा आधार, सुरक्षित अवकाश, असे शब्द ज्याला लावतात ते आमच्याकडे झाडाला दोर बांधून होत आलंय.

पायरी ५ : संस्था निवडणे

थोडा इतिहास, कारण तोंडी परीक्षेत विचारतात. भारतातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झालं. नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ. १९४४ साली तिचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं. योगायोग असा की त्याच १९३६च्या डिसेंबरात आपल्या जळगाव जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबूचा मांडव सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस. म्हणजे शहरातल्या चाळीत माणसांशी कसं वागावं याचा वर्ग भरला त्याच वर्षी खानदेशात अख्खा देश खेड्यात येऊन उतरला होता. आपण दोन्हींचे वारस आहोत, असं म्हणून टाकावं, परीक्षकांना आवडतं.

आता जवळचं. समाजकार्याची महाविद्यालयं जळगावात आहेत, अमळनेरला आहे, चोपड्याला आहे, धुळ्याला मोराण्यात आहे. पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. टाटा संस्थेचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे. भडगावहून एसटीने चाळीसगाव किंवा पाचोरा गाठावं, नाही तर कजगावला पॅसेंजर धरावी, पुढे नशीब.

जळगावचं विद्यापीठ १९९० साली निघालं आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना सुचलेलं त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवलं आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्याचं पुस्तक झालं. माणसाच्या मनावर त्यांनी जे म्हणून ठेवलंय ते मराठी मुलांना शाळेपासून ठाऊक असतं. आज त्या प्रवेशासाठी आल्या असत्या तर आपल्याच नावाच्या विद्यापीठाचा अर्ज त्यांना भरता आला नसता. फॉर्म भरता येत नाही म्हणजे माणसाला काही कळत नाही, असं समजण्याचा मोह पुढे तुम्हाला दररोज होईल. तेव्हा पदवीच्या कागदावरचं हे नाव वाचावं.

पायरी ६ : ओट्यावर बसणे

ही मुख्य पायरी. बाकीच्या हिच्यासाठीच होत्या.

क्षेत्रकार्याच्या पहिल्या हिवाळ्यात मला एका वस्तीत चाळीस घरांचा फॉर्म भरायला धाडलं होतं. प्रश्न अठरा. चौदावा असा : "आपणांस मानसिक ताण जाणवतो काय? होय / नाही." मी दोन दिवसांत एकोणतीस फॉर्म भरले होते आणि एकोणतीस "नाही" गोळा केले होते. वस्ती सुखी असल्याचा निष्कर्षही मनात तयार होता.

तिसाव्या ओट्यावर एक आजी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी नमस्कार केला. तिने वर न बघता विचारलं, "कोन्ही पोर शे व तू?"

नवशिक्यांनी या प्रश्नापाशी थांबावं. "मी महाविद्यालयातून सर्वेक्षणासाठी आले आहे" हे याचं उत्तर नाही. कोणाची मुलगी, म्हणजे गाव कोणतं, आडनाव कोणतं, जात कोणती, मामाकडचं कोण, आमच्यातलं तुमच्यात कोणी दिलंय का. समाजशास्त्राची पहिली दोन पुस्तकं पाच शब्दांत. तुम्ही तिचा अभ्यास करायच्या आधी ती तुमचा करते, आणि तिचा तुमच्यापेक्षा लवकर होतो. खरं उत्तर द्यावं. मी दिलं. आजीने मामाचं गाव विचारलं, तिथल्या एका विहिरीची चौकशी केली, आणि बसायला गोणपाट सरकवलं.

मी फॉर्म काढला. चौदाव्या प्रश्नाला आजी म्हणाली, "नही व माय. कसाना ताण?" तिसावा "नाही" मी लिहिला. अठरा प्रश्न संपले. फॉर्म बॅगेत गेला, आणि उठवेना म्हणून म्हणा किंवा चहा यायचा होता म्हणून म्हणा, मी समोरच्या ढिगातल्या शेंगा फोडायला घेतल्या. पाचसहा मिनिटं नुसता टरफलांचा आवाज. मग आजी शेंगांशीच बोलल्यासारखी म्हणाली, "रातले डोया लागत नही. जीव घाबरा होस."

लेक सुरतेला, उधन्याला. दर रविवारी फोन यायचा. तीन रविवार आला नव्हता. चौथ्या रविवारी आला तो पैसे मागायला. सुनेला हे सांगितलेलं नव्हतं. शेजारणीला तर नाहीच, कारण गावात लेकाचं नाव "सुरतेत चांगलं चाललंय" असं आहे. दोन महिने त्या बाईच्या छातीत रात्री हातोडा चालत होता आणि माझ्या फॉर्मवर "नाही" होतं.

खोटं ती बोललीच नव्हती. "ताण" तिच्याकडे नव्हताच. ताण शहरातल्या माणसाला येतो. तिचा जीव घाबरा होत होता, आणि त्याला माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. जीव लागत नाही, डोकं जड पडतं, हातपाय गळतात, अन्न गोड लागत नाही : आमच्याकडे मनाचं दुखणं शरीराच्या पत्त्यावर राहतं. पेन हातात असताना ते दार उघडत नाही. शेंगा हातात असताना उघडतं.

आता तुमच्या दोन विषयांचं इथे काय काम आहे ते पाहा. एकटं मानसशास्त्र आजीला प्राणायाम शिकवून परत येईल. एकटं समाजशास्त्र खानदेशातून सुरतेला होणाऱ्या स्थलांतरावर निबंध लिहील आणि आजी जागीच राहील. दोन्ही एकाच ओट्यावर शेजारी शेजारी बसली तरच एवढं सुचतं की सुनेला बोलतं करावं, आजीला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्तदाब बघावा, आणि उधन्यात गावची माणसं कोण आहेत ते शोधून लेकाची खबर काढावी. आम्ही पुढे हे तिन्ही केलं. त्यातलं तिसरं काम कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं आणि झोप बहुधा त्यानेच आली.

मागे जाऊन आधीचे एकोणतीस फॉर्म पुन्हा भरायला मला तीन आठवडे लागले. अहवाल उशिरा गेला. गुण कापले गेले.

पायरी ७ : सभा भरवणे

सभेची वेळ तुमच्या सोयीने ठरवू नये. गिरणा धरणातून आवर्तन सुटलंय, नदीला पाणी आलंय, विहिरी भरताहेत, मोटारी चालू आहेत आणि तुम्ही दुपारी दोनला "व्यक्तिमत्त्व विकास" ठेवलात तर समोर तुम्ही, बॅनर आणि सावलीला आलेली शेळी असे तिघं असाल. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळी गेल्या की दिवेलागणीला येतात. लग्नतिथी असेल तर गाव गावात नसतं. म्हणून पंचांग, पिकं आणि पाटबंधारे, हे तीन कळल्याशिवाय तारीख छापू नये.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी घेण्याची रीत सर्वांना माहीत असते. तिच्या आधी बायकांची वेगळी महिलासभा घ्यायची असते, हे फारसं कोणाला आठवत नाही. आठवण तुम्ही करून द्यावी, नम्रपणे, आणि चहा झाल्यावर.

गावाचा नकाशा लोकांकडूनच जमिनीवर काढून घेण्याची पद्धत पुस्तकात आहे. रांगोळी, गुलाल, खडे, पानं, काही चालतं. ती जरूर वापरावी, पण पुरुषांकडून एकदा आणि बायकांकडून एकदा. पुरुषांनी काढलेल्या गावात आधी रस्ता, मग मंदिर, मग ग्रामपंचायत. बायकांनी काढलेल्या गावात आधी नळ आणि हातपंप, मग दळणाची गिरणी, मग अंधार पडल्यावर जायला भीती वाटते तो कोपरा. दोन्ही नकाशे मी शेजारी ठेवले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "हे दोन गावं शेत." म्हणजे, ही दोन गावं आहेत. अहवालातलं सर्वांत चांगलं वाक्य त्यांचं होतं, मी ते नाव न देता वापरलं.

पायरी ८ : काय करू नये

शब्द देऊ नये. "बघते" याचासुद्धा आमच्याकडे "करते" असा अर्थ होतो.

पुस्तकातली गोपनीयता पाळावी. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली मदतीच्या नात्याची सात तत्त्वं सांगितली, त्यातलं सातवं हे. अडचण एवढीच की बाई तुम्हाला जे गुपित सांगते ते सांगताना ओट्यावर आणखी चौघी असतात. त्या चौघींना ते आधीच माहीत असतं. फक्त तुम्हाला नवीन असतं. तरीही बाहेर बोलू नये. गल्लीला माहीत असणं वेगळं आणि तुमच्या तोंडून निघणं वेगळं, हा फरक गल्ली बरोबर जाणते.

फोटो काढू नये. निदान रडताना काढू नये.

एकटीने शूर होऊ नये. मुलांवर संकट असेल तर १०९८, मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ : हे दोन नंबर पाठ असावेत, आणि ते फिरवायला लाज वाटू नये. बालविवाह ही आखाजीच्या आसपासची जुनी डोकेदुखी. २००६च्या कायद्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची तरतूद आहे, आणि आपल्या राज्यात गावपातळीवर ती जबाबदारी ग्रामसेवकावर टाकलेली आहे. म्हणजे ज्या माणसाने लग्न थांबवायचं, त्यालाच बहुतेक वेळा पत्रिका आलेली असते. त्याला एकटं पाडू नये. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतल्या बाई आणि मुलीची एखादी खमकी आत्या, एवढं बळ मागे उभं केलं की त्याचाही आवाज निघतो. लग्न थांबल्यावर त्या मुलीचं शाळेचं दप्तर पुन्हा भरेपर्यंत काम संपलं असं समजू नये, कारण पुढची तारीख लगेच शोधली जाते.

पायरी ९ : नोकरी

वडिलांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : निघते. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आणि समुपदेशक, जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात, बचत गटांच्या उमेद अभियानात, संस्थांच्या प्रकल्पांत. यांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाची विश्रांती, पुन्हा करार. लोकांच्या असुरक्षिततेची भावना समजून घेण्यासाठी शासनाने केलेली ही सोय आहे असं मानावं.

पद काहीही असो, गावात तुम्ही "त्या फॉर्मवाल्या ताई" असाल. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आशाताईला १९९६ सालच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं नाव ठाऊक नसेल, पण कोणत्या घरात कोण तीन दिवस बाहेर दिसलेलं नाही हे ठाऊक असतं. तिच्यापुढे पदवी काढू नये. तिला विचारावं, आणि अहवालात तिचं नाव घालावं.

स्वाध्याय

१. तुमच्या गल्लीचा नकाशा काढा. ज्या घराचं पाणी तुम्ही कधी प्यायला नाहीत त्यावर फुली करा. कारण लिहा. (खऱ्या वहीत.)

२. "लाभार्थी" हा शब्द न वापरता एक पान अहवाल लिहून दाखवा.

३. एका ओट्यावर अर्धा तास बसा. सल्ला न देता. मोबाइल न काढता. निवडायला, सोलायला, फोडायला काही मिळालं तर हात चालू ठेवा.

४. शेवटचा प्रश्न सर्वांना सक्तीचा. काम संपल्यावर त्या आजीला भेटायला मी गेले होते. तिने माझ्याकडे जरा बघितलं, शेंगा बाजूला सारल्या आणि विचारलं, "तुले झोप लागस का व, पोरी?" घरी लग्नाचा विषय, करार संपत आलेला, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन. मी ताबडतोब म्हणाले, "नाही आजी, तसं काही नाही."

आजीने पुढे काही विचारलं नाही. मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या.

तिने असं का केलं ते पाच ओळींत लिहा. लिहिता आलं, तर ही मार्गदर्शिका कोणा दुसऱ्या नवशिक्याला देऊन टाकावी.